पांढऱ्या कागदावरची गाडी

आमच्या ह्यांनी आयुष्यात दोन गोष्टी जीव ओतून केल्या. एक म्हणजे शाळेचं वेळापत्रक आखणं, आणि दुसरी म्हणजे ते कसं आखलं हे मला सांगणं. शिकवायचे भूगोल, पण गावभर ओळख वेळापत्रकवाले सर अशीच. शाळा उघडायच्या आधी आठवडाभर आमचं जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात जायचं. त्यावर चौकटींचा मोठा कागद, रंगीत पेन्सिली आणि प्रत्येक शिक्षकाला एक रंग. आम्ही मायलेकी पलंगावर मांडीत ताटं घेऊन जेवायचो आणि पाण्याचा पेला कागदापासून लांब ठेवायचो.

वेळापत्रकाचा कायदा ह्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ऐकवला होता. एका माणसाला एकाच वेळी दोन वर्गांत उभं करता येत नाही. बाकी जगात काहीही जमवता येतं. तसं चुकून झालं तर त्याला ते ‘क्लॅश’ म्हणायचे, आणि तो शब्द आमच्या घरात इतर घरांत साप म्हणतात तसा उच्चारला जायचा. एकदा अंघोळ करता करता त्यांना आठवलं की खेळाचे सर मैदानावरही लागलेत आणि आठवी ब वरही. अंगावरचा साबण तसाच ठेवून बाहेर आले, खोडरबर फिरवलं आणि मग उरलेली अंघोळ पूर्ण केली.

माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमधली. उभा जन्म सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्त तपासण्यात गेला. आमचाही एक कायदा होता: काचेवर दिसेल ते लिहायचं, दिसायला हवं होतं ते लिहायचं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की म्हातारीला प्लॅटफॉर्मवर डुलकी लागली असेल. डुलकी लागली नव्हती. त्या वेळी मी कॉफीच्या मशीनशी भांडत होते, आणि त्यात कुणाला झोप येत नाही.

आमची एकुलती एक लेक परदेशात नोकरी करते. तिनं तिकडेच लग्न ठरवलं, तेही नोंदणी कार्यालयात. तिथे प्रत्येक जोडप्याला पंधरा मिनिटं मिळतात आणि मग पुढच्या जोडप्याची पाळी. हे ऐकून ह्यांच्या मनात त्या देशाबद्दल एकदम आदर निर्माण झाला. जावई कसा आहे हे त्यांनी नंतर विचारलं.

लेक म्हणाली, विमानतळावर गाडी घेऊन येते. हे म्हणाले, गरज नाही, आम्ही रेल्वेनं येऊ. परक्या देशाची अक्कल त्याच्या रेल्वेच्या वेळापत्रकात दिसते. मग ती म्हणाली, निदान मोबाईलवर ॲप तरी घ्या. त्यावर उत्तर मिळालं की ॲप फक्त माझी गाडी सांगतं, मला सगळ्या गाड्या बघायच्या असतात. भूगोलाच्या माणसाशी कोण वाद घालणार?

रात्री तिनं मला वेगळा फोन केला. ती ह्यांच्याच शाळेत शिकली. पण दहा वर्षांत ह्यांनी आपला एकही तास तिच्या वर्गावर लावला नाही. सरांनी मुलीला मार्क दिले, असं कुणी म्हणायला नको म्हणून. सगळ्या गावाच्या पोरांना हे मिळाले, फक्त तिला नाही.

“आई, मी त्यांच्याकडे पंधरा मिनिटं मागतेय,” ती म्हणाली. “तेवढी चुकवू देऊ नकोस.”

मी शब्द दिला. देताना मला वाटलं होतं, ह्यात काय अवघड आहे.

विमानतळाच्या शहरात आम्ही एक दिवस राहिलो, आणि तो सबंध दिवस छापील वेळापत्रक शोधण्यात गेला. हॉटेलातल्या काउंटरवरच्या बाईला ह्यांनी दोन्ही हातांनी हवेत पुस्तक उघडून दाखवलं, तर तिनं तक्रारवही आणून दिली. ह्यांनी त्या वहीत नाश्त्याच्या वेळेबद्दल दोन सूचना लिहिल्या. स्टेशनवर गेलो तर चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी स्वतःचा मोबाईल वर करून दाखवला आणि हसले. शेवटी हे मोठ्या विजेच्या पाटीखाली वही घेऊन उभे राहिले. पण ती पाटी सारखी वर सरकायची. हे खालची ओळ उतरवून घेईपर्यंत वरची गाडी सुटून गेलेली असायची. ह्यांच्या मागे एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. त्यांना ती कसली तरी रांग वाटली होती.

आम्हाला एका जंक्शनवर गाडी बदलायची होती. तिथपर्यंतची पहिली गाडी मी हॉटेलातल्या बाईला विचारून कागदावर लिहून घेतली, आणि ही गोष्ट ह्यांना आजही माहीत नाही. त्यांना वाटतं त्यांनी पाटीवरून काढली.

लग्न दुपारी बाराचं. आम्ही सकाळीच जंक्शनवर उतरलो. छोटंसं, झाडलेलं, शांत स्टेशन होतं. तीन प्लॅटफॉर्म, खालून जाणारा फरशी लावलेला भुयारी रस्ता, काचेच्या खिडकीमागे सफरचंद खात बसलेला तिकीटमास्तर. आणि भिंतीवर एका काचेच्या चौकटीत, शेजारी शेजारी लावलेली दोन मोठी छापील वेळापत्रकं. ह्यांनी बॅग खाली ठेवली आणि चष्मा पुसला. लेकीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यातही त्यांनी असाच चष्मा पुसला होता.

एक कागद पांढरा होता आणि एक पिवळा. वर मोठ्या अक्षरांत एकेक शब्द होता, तो आम्हाला वाचता येत नव्हता. ह्यांनी पिवळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“तो गेल्या सत्राचा,” म्हणाले. “उन्हानं पिवळा पडलाय. इथेही शिपाई जुना कागद काढत नाहीत.”

शाळेच्या फळ्यावर तीस वर्षं हेच झालं होतं, तेव्हा मलाही ते पटलं. तरी मी म्हटलं, मास्तरांना विचारू या. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पर्समधून लेकीच्या पत्त्याची चिठ्ठी काढली. मग आम्ही ती कागदाशेजारी धरली आणि गावाच्या नावाचं एकेक अक्षर जुळवत गेलो. सापडलं. दहा चाळीस, प्लॅटफॉर्म तीन. म्हणजे वेळेच्या बरंच आधी पोचणार होतो.

त्या ओळीच्या शेवटी एक बारीक खूण होती. एक गोल आणि त्यात कडेला एक ठिपका. मलेरियाच्या रक्तात अशा पेशी दिसतात, म्हणून माझी नजर तिथे गेली. कागदाच्या तळाशी सगळ्या खुणांचा अर्थ दिलेला होता: पलंग, काटा-चमचा, सायकल, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे. हातोडे म्हणजे कामाचे दिवस, हे ह्यांनी लगेच ओळखलं आणि दोन मिनिटं स्वतःवर खूश राहिले. पण गोल आणि ठिपका तळाशी नव्हता, आणि वरही त्या एका गाडीखेरीज कुठेच नव्हता.

“किरकोळ बदल संभवतो,” ह्यांनी अर्थ लावला. “असं असतंच कुठे तरी.”

आम्ही भुयारी रस्त्यानं तीन नंबरवर जाऊन बसलो. वारा गार होता. माझ्या बॅगेत तळाशी ह्यांचा मफलर होता, मी स्वतः विटकरी लोकरीचा विणलेला. घरून निघताना हे म्हणाले होते की त्या देशात ह्या महिन्यात थंडी नसते, आणि भूगोलाची अब्रू राखायला आता कुडकुडत बसले होते. मफलर काढू का विचारलं तर नको म्हणाले. बॅग उघडली की सगळं वर येतं, म्हणून मीही आग्रह केला नाही.

मला एक गोष्ट खटकत होती. एक नंबरचे रूळ चकचकीत होते, दोन नंबरचेही. तीन नंबरच्या रुळांवर मात्र गंज चढलेला होता, लालसर, सगळीकडे सारखा. रुळांच्या मधून पिवळ्या फुलांची रोपं गुडघाभर वाढली होती. मी ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, लोखंड आहे, गंजणारच.

तेवढ्यात एक नंबरला एक गाडी आली. चार-सहा माणसं चढली आणि गाडी निघून गेली. आम्हाला ज्या दिशेला जायचं होतं त्याच दिशेला गेली. ह्यांना त्या माणसांची कीव आली. बिचारे पिवळा कागद वाचून आले असतील, म्हणाले.

दहा चाळीसला थोडा वेळ होता, म्हणून मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला असलेल्या कॉफीच्या मशीनकडे गेले. नाणं टाकलं. मशीननं आधी कॉफी ओतली आणि मग कप खाली सोडला. दुसरं नाणं टाकलं तर नुसता कप आला. मी मशीनला मराठीतून चार शब्द सुनावले. तिथे आपली भाषा कुणाला कळत नाही, हे एक सुख असतं. तिसऱ्या खेपेला कप आणि कॉफी दोन्ही एकदम आली. मी कप उचलून वळले, तर तीन नंबरला गाडी उभी होती.

गाडी येताना आवाज होतो. मी आयुष्यभर बारीक गोष्टी टिपत आले आहे. आवाज झाला नव्हता.

दारं उघडली आणि माणसं उतरू लागली. चढायला कुणीच नव्हतं, सगळे उतरणारेच. बहुतेक वयस्क होते. आणि कुणाच्याही बरोबर कुणी नव्हतं. गाडीतून माणसं उतरतात तेव्हा कुणी कुणाला हात देतं, कुणी पिशवी मागतं, कुणी ओरडतं. इथे प्रत्येक जण एकटा उतरत होता, आणि उतरून बाहेर जात नव्हता. प्लॅटफॉर्मवरच कुठे कुठे जाऊन थांबत होता.

माझ्या जवळच्या बाकापाशी एक म्हातारे गृहस्थ वाकले. बाक रिकामा होता. ते हवेत, छातीच्या उंचीवर, कुणाच्या तरी कोटाची बटणं लावत होते. सावकाश, खालून वर, एकेक करून.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बाकावर वही उघडून बसले होते आणि मान वर करून गाडीकडे बघत होते, कारण गाडीतले दिवे एकेक करत विझत होते. एक बाई त्यांच्या दिशेनं चालली होती. मला तिची पाठ दिसत होती. डावा पाय किंचित ओढत होती.

माझा डावा गुडघा दुखतो. मीही तशीच चालते.

ती ह्यांच्यापुढे थांबली. हातातला मफलर उलगडला आणि त्यांच्या गळ्यात घातला. उजवं टोक डाव्यावर घेतलं, कोटाच्या आत खोचलं, वरून दोनदा थोपटलं. काही तरी बोलली. ह्यांनी तिच्याकडे न बघताच हो हो केलं. माझ्याशी बोलतानाही ते असंच करतात.

मग ती वळली.

तो माझाच चेहरा होता. केस पूर्ण पांढरे, गाल बसलेले, पण माझाच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं की भीती वाटेल. पण तिच्या नजरेत काय होतं ते मला स्पष्ट दिसलं, आणि दिसलं तेच सांगते. तिला माझा हेवा वाटत होता.

कॉफी माझ्या हातावर सांडली. मी खाली बघितलं, आणि वर बघेपर्यंत ती प्लॅटफॉर्मच्या पलीकडच्या टोकाला, भुयारी रस्त्याच्या दुसऱ्या पायऱ्यांपाशी पोचली होती. मी गुडघा विसरून धावले. पायऱ्यांखाली लोखंडी दार होतं आणि त्याला साखळी लावलेली होती. साखळीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं, तेही अख्खं.

वळून पाहिलं तर प्लॅटफॉर्म मोकळा होता. गाडी नव्हती. रुळांवर गंज होता तसाच होता, आणि पिवळी फुलं वाऱ्यावर हलत होती. एकही मोडलं नव्हतं.

ह्यांच्या गळ्यात मफलर होता.

“विचित्रच,” हे म्हणाले. “थांबली, दिवे गेले, वहीत बघतो तर निघूनही गेली. आणि मी नको म्हटलं तरी तू मफलर बांधलासच. पुन्हा वर सारखं तेच. नीट बांधा, नीट बांधा. एकदा म्हणालीस की कळतं मला.”

मी एकदाही म्हणाले नव्हते. पण तसं सांगायच्या आत तिकीटमास्तर धावत आला. प्रवासी बंद प्लॅटफॉर्मवर बसलेत हे त्याला खिडकीतून आत्ता दिसलं असावं. त्यानं दोन्ही हातांची फुली करून तीन नंबर बंद असल्याचं सांगितलं आणि आम्हाला त्या काचेच्या चौकटीपाशी नेलं. पिवळ्या कागदावर बोट ठेवून हातानं लांब जायची खूण केली. पांढऱ्यावर बोट ठेवून लांबून जवळ यायची. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा होता, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा.

ह्यांचा चेहरा उतरला. तरी वेळापत्रकवाल्याची जिद्द, त्यांनी पांढऱ्या कागदावर दहा चाळीसची ओळ दाखवायला बोट फिरवलं. बोट वरून खाली गेलं, खालून वर आलं. ती ओळ तिथे नव्हती. गोल नव्हता, ठिपकाही नव्हता. तिकीटमास्तर सभ्यपणे वाट बघत उभा राहिला. कागद समोर असून हे वाचू शकले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पिवळ्या कागदाप्रमाणे अजून एक गाडी होती, एक नंबरवरून, अगदी थोड्या वेळात. लग्नाला जेमतेम पोचवणारी. आम्ही धावलो, आणि गाडीत बसल्यावर मी हातावरची कॉफी पुसायला रुमाल काढावा म्हणून बॅग उघडली.

तळाशी विटकरी मफलर होता. मी ठेवला होता तसाच, घडी न मोडलेला.

मी तो बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. हे माझ्या मांडीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या गळ्याकडे. गळ्यातला सोडून त्यांनी माझ्याजवळ दिला. वीण तीच. मधे एक टाका सुटलेला, विणताना फोन आला होता म्हणून, तोही दोन्हींत त्याच जागी. पण गळ्यातला खूप धुतलेला होता. रंग विटलेला, लोकरीचे गोळे आलेले. त्याच्या एका टोकाला भोक होतं आणि ते हिरव्या लोकरीनं रफू केलेलं होतं. रफूच्या शेवटी लहानशी फासाची गाठ होती, माझ्या आईनं मला शिकवलेली. मी तसं रफू केलं नव्हतं. आमच्या घरात हिरवी लोकरच नव्हती.

मग मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“तोंड नीट पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

“पाहिलं.”

“मी बरोबर नव्हतो.”

“कुणाच्याच बरोबर कुणी नव्हतं.”

ते मग आठवी ब बद्दल बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “तू मशीनपाशी, आणि तूच बाकापाशी. क्लॅश.”

“मग तुम्ही काय करता अशा वेळी?”

“एक नाव खोडायचं.”

“कुणाचं?”

ह्यांनी माझ्या हातातून दोन्ही मफलर घेतले आणि एकावर एक असे दोन्ही गळ्यात गुंडाळले. थंडी वाजते म्हणाले.

नोंदणी कार्यालयात आम्ही धापा टाकत शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मला वाटलं, झालं, दिलेला शब्द गेला. पण लेक बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं आपली पंधरा मिनिटं मागच्या जोडप्याला दिली होती आणि त्यांची स्वतःला घेतली होती. त्यासाठी त्या अनोळखी मुलीला हात जोडले म्हणे. ह्यांना हे कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ह्याला बदली तास म्हणतात,” ते तिला म्हणाले. “मी कधी तुझ्या वर्गावर घेतला नाही.”

लेक एकाच वेळी हसली आणि रडली. सगळं लग्नभर ह्यांनी मफलर काढले नाहीत. प्रत्येक फोटोत वधूपिता दोन मफलर घालून उभा आहे. जावयाकडच्या लोकांना वाटलं आमच्यात तशी पद्धत असते. निघताना त्यांनी ह्यांना आदरानं तिसरा भेट दिला.

परत येताना ह्यांनी स्वतःहून जावयाला गाडीनं सोडायला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी रेल्वे नाकारली. वाटेत एका फाटकापाशी थांबलो, समोरून आगगाडी गेली. ह्यांनी सवयीनं घड्याळ बघितलं आणि पुटपुटले, वेळेवर आहे. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. जावई आरशातून बघून हसला, त्याला आमचं कौतुक वाटलं असावं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझे केस पिकले. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, रोज भांडतो. ते आता इमारतीच्या पाण्याचं वेळापत्रक आखतात, आणि त्यातही त्यांनी एकदा क्लॅश पकडला. हिरव्या रफूचा तो जुना मफलर मी कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला. नवा हे दर हिवाळ्यात वापरतात. तो धुतला की वाळत घालताना मी त्याचं टोक बघते. रंग दर वर्षी थोडा उतरतो. लोकरीचे गोळे यायला लागलेत. पण टोक शाबूत होतं, तोवर मी निवांत होते.

ह्या महिन्यात लेकीचा फोन आला. तिला बाळ होणार आहे, आम्ही दोघांनी यावं अशी तिची इच्छा आहे. हे हरखून गेले. कुठून कुठून छापील वेळापत्रक मागवलं, आणि मला रोज सांगतात की ह्या वेळी पिवळाच वाचणार, चूक होणार नाही. जावयाच्या मोटारीनं जाऊ असं मी तीनदा म्हटलं. म्हणाले, एका चुकीसाठी आगगाडी कायमची सोडायची का?

मंगळवारी कपाटाच्या कडीत अडकून नव्या मफलरला भोक पडलं. टोकाला.

मी ते शिवलेलं नाही. हे रोज म्हणतात, वारा लागतो, एवढं रफू कर की. मी म्हणते, लोकर नाही घरात, आणि ते खरंही आहे. भोक थोडं मोठं झालंय, पण भोक आहे तोवर माझी हरकत नाही. लेकीला मी रोज फोन करून विचारते की तूच इकडे आलीस तर. ती म्हणते, आई, डॉक्टर प्रवास नको म्हणतात, तुम्हीच या ना.

काल संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर हे दिवाणखान्यात दिवा लावून माझी वाट बघत होते. चष्मा पुसून स्वच्छ केलेला. मफलर मांडीवर, टोक वर काढून. म्हणाले, बघ, तुझी सबब संपली, मी स्वतः बाजारात जाऊन आलो. विटकरी मिळाली नाही, दुकानात एकच रंग उरला होता.

आणि मला त्रास नको म्हणून त्यांनी सुईत हिरवी लोकर ओवूनही ठेवली होती.